आष्टीचा मुहम्मदखान नियाझी : युद्धकाळातील एका सरदाराचे जीवन

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे गाव एलिचपूरचा नवाब सलाबतखान याने वसविले, अशी परंपरा मध्यप्रांताच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही घटना वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु ज्याचे आयुष्य फौजेच्या बळावर उभे, त्याने गाव वसवावे आणि त्या गावाच्या पांढरीशी आपले नाव जोडावे, ही गोष्ट या भूमीत सलाबतखानापासून सुरू झालेली नाही. त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे याच जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, आष्टी येथे, मुहम्मदखान नियाझी नावाच्या मुघल सरदाराने आपले बस्तान बसविले होते. आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे मुलूख त्याला जहागीर मिळाले. तो तेथेच राहिला आणि तेथेच पुरला गेला. त्याच्या व त्याच्या पुत्राच्या कबरींवरील दोन मकबरे आजही आष्टीची मुख्य वास्तू होत.

या सरदाराचे आयुष्य जवळजवळ संपूर्णपणे युद्धात गेले. बंगाल, सिंध आणि दख्खन अशा तीन दूरदूरच्या रणभूमींवर त्याने तलवार गाजविली. तथापि त्याच्याविषयीची स्थानिक स्मृती लढायांची नाही. ती आहे उजाड मुलूख पुन्हा लागवडीस आणल्याची. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावयाची, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. प्रश्नाचे स्वरूप

मुघल सरदार आणि त्याची जमीन यांच्या संबंधाविषयीचे सर्वांत प्रसिद्ध मत एका फ्रेंच माणसाचे आहे. फ्रान्स्वा बर्निए हा वैद्य शाहजहानच्या कारकिर्दीच्या अखेरीस हिंदुस्थानात आला आणि दानिशमंदखानाच्या आश्रयास अनेक वर्षे राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १६७० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध होऊ लागला. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यास लिहिलेल्या पत्रात त्याने असे प्रतिपादन केले, की हिंदुस्थानात जमिनीची खाजगी मालकी नाही, सरदाराची जहागीर केव्हाही बदलते, आणि म्हणून जमीन सुधारण्यात कोणाचेच हित गुंतलेले नसते. आज पेरलेल्याचे फळ उद्या दुसऱ्याच्या हाती पडणार असेल, तर विहीर कोण खोदील आणि बांध कोण घालील? बर्निएच्या मनात फ्रान्सचा वंशपरंपरागत जमीनदार होता आणि त्याच्याशी त्याने मुघल जहागीरदाराची तुलना केली होती.

पुढे या मताला इतिहाससंशोधनात मोठे स्थान मिळाले. इर्फान हबीब यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुघल शेतीव्यवस्थेवरील ग्रंथात जहागिरींच्या बदल्या आणि रयतेवरील जुलूम यांचा कार्यकारणसंबंध फार्सी साधनांच्या आधारे मांडला गेला. बर्निएचे निरीक्षण त्यामुळे केवळ प्रवाशाचे मत राहिले नाही. मात्र असा सिद्धान्त कितपत व्यापक आहे हे पाहण्यासाठी त्याला विरोधी वाटणारी उदाहरणे तपासणे आवश्यक असते. आष्टीचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

२. सरदाराची घडण

मुहम्मदखान हा अफगाणांच्या नियाझी जमातीचा होता. अकबराच्या दरबारात अफगाण असणे ही काही शिफारस नव्हती. मुघलांनी दिल्लीचे तख्त अफगाणांकडून दोनदा घेतले होते, आणि दुसऱ्यांदा घेण्यापूर्वी शेरशहाने हुमायूनला देशोधडीस लावले होते. याच जमातीचा हैबतखान नियाझी हा शेरशहाचा पंजाबातील सुभेदार होता. शेरशहाच्या मृत्यूनंतर त्याने इस्लामशहाविरुद्ध बंड केले आणि त्यात नियाझींचा मोठा संहार झाला. अशा पराभूत जमातीतील तरुणाला मुघल सेवेत वर चढण्यास कुळाचा आधार नव्हता. त्याला रणांगणावरील कामगिरीच दाखवावी लागणार होती.

ही कामगिरी प्रथम बंगालमध्ये दिसली. शाहबाजखान कंबू याने १५८३ ते १५८५ या काळात पूर्व बंगालमध्ये ईसाखान आणि मासूमखान काबुली यांच्याविरुद्ध मोहीम चालविली. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या लढायांत मुहम्मदखानाने नाव मिळविले. औरंगाबादेस शाहनवाजखानाने अठराव्या शतकात रचलेल्या ‘मआसिर-उल्-उमरा’ या चरित्रकोशाच्या परंपरेप्रमाणे, त्याला आपल्याजवळ ठेवण्यासाठी शाहबाजखान त्यास दरसाल एक लक्ष रुपये देत असे. या आकड्याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ‘आईन-इ-अकबरी’त मुहम्मदखानाचे नाव पाचशेच्या मनसबदारांत येते, आणि त्याच ग्रंथातील दरपत्रकाप्रमाणे पाचशेच्या पहिल्या वर्गास दरमहा २,५०० रुपये, म्हणजे वर्षास ३०,००० रुपये मिळत. त्यातूनच जनावरांचा खर्च भागवावयाचा असे. एक लक्षाचा आकडा अतिशयोक्त मानला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. चांगला लढवय्या हा केवळ बादशहाचा नोकर नव्हता. सेनापती त्याला आपल्या पदरी राखण्यासाठी खाजगी पैसा खर्च करीत.

दुसरी रणभूमी सिंधची. अब्दुर्रहीम खानखानान याने १५९०-९२ या वर्षांत ठठ्ठ्याच्या मिर्झा जानीबेगाविरुद्ध मोहीम केली. तीत लखीजवळच्या लढाईत शत्रूचे संख्याबळ अधिक असतानाही मुहम्मदखानाने विजय मिळविला. येथून खानखानानाशी त्याचा जो स्नेह जडला, त्याने त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली. खानखानान दख्खनेत आला तेव्हा त्याच्या विश्वासातील माणसांचे भवितव्यही दख्खनेशी बांधले गेले. आष्टीची जहागीर या संबंधातूनच समजावून घ्यावी लागते.

३. दख्खनचे चाळीस वर्षांचे युद्ध

१५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद आणि खानखानान यांनी अहमदनगरास वेढा घातला. चांदबिबीने किल्ला राखला, परंतु १५९६ च्या तहाने वऱ्हाडचा सुभा मुघलांना द्यावा लागला. पुढच्याच वर्षी गोदावरीकाठी सोनपेठच्या परिसरात खानखानानाने विजापूरच्या सुहेलखानाचा पराभव केला. या संग्रामास काही साधनांत ‘आष्टीची लढाई’ म्हटले आहे. ते आष्टी आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातील आष्टी ही दोन भिन्न गावे असून त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

१६०० मध्ये अहमदनगर आणि १६०१ मध्ये असीरगड मुघलांच्या हाती पडला. येथे युद्ध संपावयास हवे होते. प्रत्यक्षात ते येथून खरे सुरू झाले. मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली आणि मराठा बारगिरांच्या साह्याने मुघल फौजांची रसद तोडण्याचे तंत्र सिद्ध केले. १६१० मध्ये अहमदनगर मुघलांच्या हातून गेले. १६१६ मध्ये खानखानानाचा पुत्र शाहनवाजखान बाळापुराहून निघाला, अंबरचा पराभव करून त्याने खडकी जाळली. खडकीच्या परिसरातील या झुंजींत मुहम्मदखानाने विशेष भाग घेतल्याची नोंद आहे. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रमच्या उपस्थितीत तह झाला आणि १६२० मध्ये तो मोडला. त्या वर्षी दाराबखानाची फौज मेहकरावर उपासमारीने जेर झाली, बाळापुरापर्यंत आणि तेथून बुऱ्हाणपुरापर्यंत मागे हटली, आणि अंबरने बुऱ्हाणपुरासच वेढा दिला. खुर्रम १६२१ मध्ये पुन्हा आला तेव्हा हा वेढा उठला. १६२४ मध्ये भातवडीस अंबरने मुघल आणि विजापूरकर या दोघांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. तो १६२६ मध्ये मरण पावेपर्यंत मुघलांची वऱ्हाडावरील पकड कधी घट्ट, कधी सैल अशीच राहिली.

या घटनाक्रमाकडे सरदाराच्या दृष्टीने पाहिले म्हणजे युद्धाचे वेगळेच रूप दिसते. मोठ्या लढाया वर्षातून एखाद-दुसऱ्या. उरलेला सर्व काळ छावणीत, कूच-मुक्कामात, दाणावैरण मिळविण्यात आणि नदी-घाटांवर पहारा ठेवण्यात जाई. शत्रू समोर उभा ठाकत नसे, तो बैलांचे तांडे लुटी आणि गवताच्या गंजी पेटवी. अशा युद्धात निर्णायक प्रश्न एकच असतो. घोड्याला चंदी आणि स्वाराला धान्य कोठून येणार? मुघल फौज उत्तरेकडून येणाऱ्या रसदेवर जगू शकत नव्हती, हे मेहकरच्या माघारीने दाखवून दिले. आघाडीच्या मागे, परंतु फार दूर नाही अशा ठिकाणी धान्य पिकविणारा आणि सुरक्षित असा मुलूख असणे ही लष्करी गरज होती. बुऱ्हाणपूर-बाळापूर-मेहकर या युद्धमार्गाच्या पूर्वेस पडणारे वर्धेचे खोरे ही गरज भागविण्यास योग्य होते.

४. मनसब, जहागीर आणि घोडा

मनसबदाराचे घर त्याच्या मनसबीवर चाले. मनसबीचे दोन भाग असत. ‘जात’ या अंकाने त्याचा दर्जा आणि स्वतःचे वेतन ठरे, तर ‘सवार’ या अंकाने त्याने ठेवावयाची घोडेस्वारांची संख्या. घोड्यांना डाग दिला जाई आणि स्वारांची चेहरेपट्टी लिहिली जाई. या सर्वांचे वेतन रोख मिळण्याऐवजी बहुधा जहागिरीच्या रूपाने मिळे. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ठरावीक परगण्यांचा राज्याचा महसूल वेतनापोटी वसूल करण्याचा तो अधिकार होता. त्या मुलुखातील काजी जहागीरदाराचा नसे, फौजदारही सामान्यतः त्याचा नसे, आणि देशमुख-देशपांडे तर त्याच्या आधीपासून वतनदार म्हणून तेथे असत.

महसुलाचा कागदावरील आकडा ‘जमा’ आणि प्रत्यक्ष हाती येणारा ‘हासिल’. या दोहोंतील अंतर हेच युद्धकाळातील सरदाराच्या आयुष्याचे दुखणे होय. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जमा सुमारे ६४ कोटी दाम दिली आहे. ४० दामांचा रुपया धरल्यास ती १ कोटी ६० लक्ष रुपयांच्या आसपास येते. हा आकडा नुकत्याच जिंकलेल्या आणि पुढे चाळीस वर्षे लढत राहिलेल्या सुभ्याचा आहे, हे विसरता येत नाही. ज्या परगण्यातून अंबरचे बारगीर गेले, तेथील जमा कागदावर जशीच्या तशी राही, पण गावे ओस पडत. दख्खनेतील मनसबदारांना नेमलेल्या उत्पन्नाचा अंशच हाती येतो, हे पुढे शाहजहानच्या काळी सरकारनेच मान्य केले आणि बारा महिन्यांऐवजी त्याहून कमी महिन्यांच्या हिशेबाने जबाबदारी ठरविण्याची पद्धत रूढ केली.

अशा स्थितीत सरदारापुढे दोन मार्ग असत. जहागीर लवकरच बदलणार असेल, तर मिळेल तेवढे पिळून घ्यावयाचे. बर्निएने वर्णिलेला मार्ग तो हाच. मात्र जहागीर बदलण्याची शक्यता कमी असेल, तर गावे पुन्हा बसवून हासिल वाढविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरे. मुहम्मदखानाने दुसरा मार्ग धरला. तो त्याला का धरता आला, याचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा परिस्थितीत अधिक सापडते. अंतर्वेदीतील समृद्ध परगण्यांसाठी दरबारात चढाओढ असे. गोंडवनाच्या हद्दीवरील आणि युद्धाच्या छायेतील परगणे मागण्यास कोण येणार? बादशहालाही येथे वसूल करणाऱ्यापेक्षा मुलूख धरून ठेवणारा माणूस हवा होता. युद्धाने जहागिरीचे मोल कमी केले, आणि मोल कमी झाल्यामुळेच ती स्थिर झाली. बर्निएच्या सिद्धान्ताला येथे अपवाद सापडतो. तो अपवाद त्याच सिद्धान्ताच्या तर्काने समजतो, ही गोष्ट विशेष आहे.

५. आष्टीच्या वसाहतीचा दावा

मुहम्मदखानाने मुलुखात शांतता आणून ओसाड जमीन लागवडीखाली आणली, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा.

पहिला आक्षेप असा, की हा प्रदेश निर्जन रान कधीच नव्हता. जहागिरीतील पवनार हे धाम नदीवरील स्थळ अतिप्राचीन आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असे प्रतिपादन केले होते. त्यावर पुढे मतभेद झाले. परंतु नागपूर विद्यापीठाच्या वतीने १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तेथे केलेल्या उत्खननाने दीर्घकालीन वसतीविषयी संशय उरू दिला नाही. अबुल फजलच्या काळी पवनार हे पाच महालांच्या स्वतंत्र सरकारचे ठाणे होते, आणि दोन प्रवाहांनी तीन बाजूंस वेढलेल्या उंचवट्यावरील बळकट किल्ला असे त्याचे वर्णन त्याने केले आहे. तेव्हा मुहम्मदखानाने अरण्य तोडून शेती केली असे म्हणणे चूक ठरेल. त्याने केलेले कार्य उठून गेलेली वस्ती परत आणण्याचे होते.

हे कार्य त्या काळी कोणत्या साधनांनी होत असे, हे दख्खनच्या महसुली परिभाषेतून स्पष्ट दिसते. गाव सोडून गेलेल्या कुणब्यास अभयाचा कौल द्यावा लागे. त्याला बैल आणि बियाणे घेण्यास तगाई द्यावी लागे. पडीत जमिनीवर इस्तावा लावावा लागे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे वर्षावर्षाने वाढत जाणारा सारा. हे सर्व जहागीरदाराच्या हुकमाने होत असले, तरी घडवून आणणारे हात देशमुखाचे आणि गावच्या पाटलाचे असत. इस्ताव्याचा पूर्ण सारा हाती येण्यास काही वर्षे लागत. जो सरदार तेवढी वर्षे त्या जागी टिकणार नाही, त्याला इस्तावा परवडणे शक्य नसे. कौल देणाऱ्याच्या शब्दाला किंमत येण्यासाठीही तो माणूस उद्या येथे असेल अशी रयतेची खात्री पटावी लागे. मुलूख वसविण्यात पैशाइतकेच महत्त्व या खात्रीचे असते.

दुसरा आक्षेप साधनांच्या स्वरूपाचा. गॅझेटियरातील स्तुती ही दोन शतकांनंतर लिहिलेली असून ती स्थानिक परंपरेवर आधारलेली आहे. अशी परंपरा बहुधा गावातील प्रतिष्ठितांच्या तोंडून येते. कुणब्याने आपली बाजू लिहून ठेवलेली नाही. मुहम्मदखानाचे स्वार कोणाच्या दाण्यावर पोसले गेले आणि त्याच्या वास्तूंचा खर्च कोणत्या साऱ्यातून निघाला, हे प्रश्न त्या स्तुतीत येत नाहीत. पिकविणाऱ्याच्या पिकातून मोठा वाटा राज्याकडे जाई, आणि जहागीरदार तो घेण्यासाठीच तेथे होता. तेव्हा त्याला प्रजेचा पिता ठरविण्याचे कारण नाही. त्याचे आणि रयतेचे हित एका मर्यादेपर्यंत जुळले, एवढेच म्हणणे पुराव्यास धरून होईल. परंतु चाळीस वर्षांच्या युद्धात एवढे जुळणे हीही सामान्य गोष्ट नव्हती.

६. फ्रान्स, सिंदखेड आणि आष्टी

बर्निएने ज्या फ्रेंच जमीनदाराला आदर्श मानले, त्याचे युद्धकाळातील वर्तन कसे होते? इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्ध १३३७ ते १४५३ पर्यंत चालले. फ्रान्सच्या सरदाराची जमीन वंशपरंपरेची होती, त्याचे स्वतःचे न्यायासन होते आणि गढी होती. तरीही १३५६ मध्ये प्वातिए येथे फ्रान्सचा राजा आणि अनेक सरदार शत्रूच्या हाती सापडले, तेव्हा त्यांच्या सुटकेची खंडणी शेवटी शेतकऱ्यांवरच बसली. मोकाट सुटलेल्या भाडोत्री टोळ्यांनी गावे लुटली आणि गढीतला धनी त्यांना वाचवू शकला नाही. १३५८ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध जो उठाव केला, त्यामागे हा अनुभव होता. मालकी वंशपरंपरेची असली म्हणजे जमिनीचे रक्षण होते, हे गृहीत फ्रान्समध्येच खरे ठरले नाही.

त्याच काळातील गास्तों फेब्यूस या फ्वाच्या काउंटाचे उदाहरण याच्या उलट आहे. १३३१ ते १३९१ हा त्याचा जीवनकाळ. पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेला आपला बेआर्न हा मुलूख त्याने दोन्ही राजांच्या युद्धापासून अलिप्त ठेवला. १३६२ मध्ये लोनाक येथे आर्मान्याकच्या काउंटास पकडून त्याने खंडणीचे प्रचंड द्रव्य मिळविले. फ्र्वासार हा बखरकार १३८८ मध्ये ऑर्तेझ येथे त्याच्या दरबारी आला, तेव्हा त्याला तेथील समृद्धी आणि शिस्त यांचे आश्चर्य वाटले. गास्तों हा कठोर आणि द्रव्यलोभी होता. परंतु तो आपल्या मुलुखात राहिला, आणि युद्ध बाहेर ठेवणे हे त्याने आपले राजकारण मानले. सरदार जमिनीवर उपस्थित आहे की नाही आणि तेथे राहण्यात त्याचे हित आहे की नाही, या दोन गोष्टी मालकीच्या कायदेशीर स्वरूपापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात, असे यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या भूमीवरील तिसरे उदाहरण सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचे. ते वतनदार देशमुख होते. फ्रेंच सरदाराशी खरे साम्य मुघल मनसबदारापेक्षा त्यांचेच अधिक आहे. वतनाच्या रक्षणासाठी त्यांना निजामशाही आणि मुघल या दोन सत्तांमध्ये बाजू बदलाव्या लागल्या. १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात पुत्रांसह त्यांचा वध झाला. ज्याची मुळे जमिनीत खोल, त्याला युद्धात पळून जाण्यास जागा नसते, आणि दोन्ही बाजूंना त्याचा संशय येतो. मुहम्मदखानाची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्याची मुळे येथे नव्हती, म्हणून बादशहाला त्याचे भय नव्हते. त्याने ती येथे रुजविली तेव्हाही त्याची निष्ठा मनसबीशीच बांधलेली राहिली. सिंदखेड येथील लखुजींची भव्य समाधी आणि आष्टीचा मकबरा ही जवळजवळ एकाच पिढीची स्मारके होत. एक वतनदाराचे, दुसरे मनसबदाराचे. दोघांनीही शेवटची जागा जमिनीतच मागितली.

७. मृत्यू आणि वारसा

मुहम्मदखान नियाझी हिजरी १०३७ मध्ये मरण पावला. हे वर्ष सप्टेंबर १६२७ मध्ये सुरू होते, आणि गॅझेटियरातील १६२७ या सनाशी ते जुळते. त्याच्या मृत्यूची तारीख ‘मुहम्मदखान औलिया बिमुर्द’, म्हणजे ‘सत्पुरुष मुहम्मदखान निवर्तला’, या शब्दांत बांधली आहे. अबजद पद्धतीने मुहम्मद ९२, खान ६५१, औलिया ४८ आणि बिमुर्द २४६ असे अंक येतात, आणि त्यांची बेरीज बरोबर १०३७ होते. लढाईत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मृत्युलेखात त्याच्या तलवारीचा उल्लेख नसून त्याला ‘औलिया’ म्हटले आहे, हे लक्षणीय होय. चरित्रकारही त्याच्या धर्मनिष्ठेचा गौरवाने निर्देश करतात.

या एक-दोन वर्षांत दख्खनच्या युद्धातील एक संपूर्ण पिढी काळाच्या पडद्याआड गेली. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. खानखानान, विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा आणि जहांगीर बादशहा हे तिघे १६२७ मध्ये गेले. पाठोपाठ १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ च्या तहाने निजामशाही संपली.

जहागिरीच्या नियमाप्रमाणे मुहम्मदखानाच्या मृत्यूबरोबर नियाझींचा आष्टीशी संबंध संपावयास हवा होता. मनसब वारसाहक्काने मिळत नसे, आणि मृत सरदाराच्या मालमत्तेवर सरकारचा हात पडे. तरीही त्याचा पुत्र अहमदखान हा त्याच्यामागून आला, शाहजहानच्या सेवेत अडीच हजारांच्या मनसबीपर्यंत चढला, आणि १६५१ मध्ये मरण पावल्यावर पित्याशेजारीच पुरला गेला. त्याचा मकबरा त्याच मुघल शैलीचा, परंतु आकाराने लहान आहे. एकाच आवारात शेजारी उभ्या असलेल्या या दोन इमारती एका कायदेशीर विसंगतीची साक्ष देतात. कागदावर बदलती असलेली जहागीर दोन पिढ्यांत व्यवहारतः घर बनली होती. बादशहाच्या दप्तरात आष्टी हा परगणा होता, नियाझींच्या दृष्टीने ते गाव होते.

तथापि हे घरही मनसबीच्याच आधारावर उभे होते. मुघल सत्ता दुबळी झाली, भोसल्यांचे राज्य नागपुरास आले, आणि वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर नवे धनी आले. मकबरे राहिले, सत्ता राहिली नाही. मुहम्मदखानाने काय जिंकले हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ज्या खडकीजवळ तो लढला, ते शहर पुढे दुसऱ्याच नावाने वाढले. ज्या निजामशाहीविरुद्ध त्याने आयुष्य वेचले, ती त्याच्या मृत्यूनंतर आठ-नऊ वर्षांत नाहीशी झाली. टिकून राहिली ती त्याच्या छत्राखाली पुन्हा नांगरलेली काळी आणि पुन्हा वसलेली पांढरी.

अल्लीपूरच्या परंपरेकडे या प्रकाशात पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. सलाबतखानाचा काळही युद्धाचाच होता. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलात या मुलुखाची ओढाताण होत होती, १८०३ मध्ये आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव घडला, आणि पुढे पेंढाऱ्यांच्या उपद्रवाने गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. अशा काळातही सरदाराला गाव वसवावेसे वाटले, कारण फौजेला धान्य लागते आणि धान्य पिकविणारा कुणबी कौलाच्या भरवशावाचून येत नाही. मध्ययुगीन सरदाराचे मूल्यमापन त्याने जिंकलेल्या लढायांवरून करण्याची पद्धत जुनी आहे. त्याने दिलेला कौल किती वर्षे पाळला गेला, ही कसोटी तिच्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि वर्धेच्या खोऱ्याचा इतिहास लिहिताना ती अधिक उपयोगी पडणारी आहे.